चंद्रपूरचा माणशी धूर

अकरावीच्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात त्या दिवशी रेषालेख काढायचे होते. विषय मी निवडला होता, माणशी कार्बन डायऑक्साइड. चार देश घेतले, काळ 1990 ते 2022. आमचं कनिष्ठ महाविद्यालय चंद्रपुरात आहे. इथल्या मुलांना धूर समजावून सांगावा लागत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते ती सगळ्यांनीच झटकलेली असते.

आकडे फळ्यावर लिहिले. अमेरिका वर्षाला माणशी सुमारे 20 टनांवरून 15 वर आली. ब्रिटन साडेदहावरून पाचाच्या खाली. चीन दोन टनांच्या आसपास होता, तो आठवर गेला. भारत पाऊण टनाच्या आत होता, आता दोन टन. चीनची चढती रेषा 2013-14 च्या सुमारास ब्रिटनच्या उतरत्या रेषेला छेदते. मुलं तिथे थबकली. ब्रिटनने कोळसा सोडून गॅस आणि वारा धरला, तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र सप्टेंबर 2024 मध्ये बंद झालं, हे मी सांगितलं. सोबत हेही सांगितलं की ब्रिटनमध्ये वापरला जाणारा बराचसा माल बाहेरून येतो. त्या मालाचा धूर वापरणाऱ्याच्या नावे लावला तर ब्रिटनचा आकडा बराच वर सरकतो आणि चीनचा थोडा उतरतो. तसा हिशेब केला तरी ब्रिटनची उतरण पुसली जात नाही, ती खरी आहे.

यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील थर्मलमध्ये, म्हणजे इथल्या कोळशाच्या वीजकेंद्रात, कोळसा उतरवतात त्या विभागात आहेत. म्हणाली, "मॅडम, मंग आपल्या जिल्ह्याची रेषा कुठं येईन?"

जिल्ह्याचा आकडा माझ्याकडच्या तक्त्यात नव्हता. म्हटलं, काढू या. थर्मलची क्षमता 2920 मेगावॅट. केंद्र वर्षभर साठ टक्के भाराने चाललं असं धरलं, म्हणजे सुमारे 1535 कोटी युनिट. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड. झाले दीड कोटी टन. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 22 लाख. भागाकार मुलांनीच केला. माणशी सात टन!

वर्गात एकदम गलका झाला. कोरपन्याचे सिमेंट कारखाने, ट्रक, बाकीचं काहीच यात धरलेलं नव्हतं. एकट्या थर्मलवर चंद्रपूर ब्रिटनच्या वर आणि चीनच्या जवळ जाऊन बसलं होतं.

मग मी सगळ्यांना घरचं वीजबिल आठवायला लावलं. त्या मुलीच्या घरी पाच माणसं, महिन्याला नव्वदेक युनिट. माणशी वर्षाला दोनशे किलोच्या आसपास. एकीकडे सात टन, दुसरीकडे दोनशे किलो, आणि दोन्ही तिच्याच नावावर. ती चिडली होती, आणि तिचं चिडणं मला रास्त वाटलं.

नकाशावर मी तिला चंद्रपूर ते पडघे ही उच्चदाबाची वाहिनी दाखवली. 752 किलोमीटर लांब, क्षमता 1500 मेगावॅट. पडघे म्हणजे ठाणे जिल्हा, मुंबईच्या वेशीवर. वीज तिकडे जाते, राख इथे राहते. ब्रिटन आणि चीनमध्ये मालाचं जे होतं तेच इथे एका राज्याच्या आत विजेचं होतं, आणि देशाच्या दोन टनांच्या सरासरीत ते दिसतच नाही. त्याच दोन टनांत जिवतीच्या पहाडावरचं एका दिव्याचं घर आहे आणि मुंबईतलं चार एसींचं घरही.

एका मुलाने विचारलं, मग भारताने दोन टनांवरच थांबायचं का? मी नाही म्हटलं. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे, आणि पहाडावरच्या घराला पंखा, फ्रिज, पंप मिळायलाच हवा. माझं म्हणणं इतकंच की तो वाढीव टन कोणाच्या घरात जातो हे मोजलं पाहिजे.

रेषालेखाच्या वहीत तिने 2022 च्या उभ्या रेषेवर सातपाशी एक ठिपका काढला आणि शेजारी "चंद्रपूर" लिहिलं. अभ्यासक्रमात ते बसत नाही, पण मी सही केली. पुढच्या प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने घरचं वर्षभराचं बिल आणायचं ठरलंय. पडघ्याच्या बाजूची बिलं मिळवायला ठाण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला, तीही भूगोलच शिकवते, मी त्याच संध्याकाळी फोन केला.