हरकत कोणाचीच नव्हती

संशोधनाचा अहवाल कोणालाही फुकट वाचता येईल असा नेटवर ठेवायला किती वेळ लागतो, असं हल्ली सहकारी विचारतात. ठेवायला अर्धा तास. ठेवू का, एवढं विचारायला अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी. डोकं अजून थोडं तापलेलंच आहे, तेव्हा कुठे तिखट जास्त पडलं तर चालवून घ्या.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर करवीर आणि शिरोळ तालुक्यांतल्या काही गावांत फिरून एक छोटा अभ्यास केला. प्रश्न साधा होता: पाणी चढतंय हे दिसत असूनही माणसं घर का सोडत नाहीत? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. तरी घराघरांतून कोणी ना कोणी मागे थांबलेलं होतं, आणि कारण विचारलं की फिरून फिरून तेच ऐकू यायचं, "म्हसरं कुठं न्यायची, बाई?" माणसांना शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात हलवता येतं. दुभत्या म्हशीला दावण लागते, वैरण लागते, आणि धारेला रोजचाच हात लागतो. अलमट्टी धरण, पुलांचे भराव, पूररेषा यांवर बरंच बोललं जातं, २०१९ च्या पुरावर वडनेरे समितीचा अहवालही आला. गोठ्याचा प्रश्न त्या मानानं बारीक, पण दारात आलेल्या बोटीत माणूस चढणार की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

काम कॉलेजच्याच किरकोळ अनुदानातून झालेलं. अहवालाच्या दोन प्रती द्यायच्या होत्या, दिल्या. एक कपाटात गेली, दुसरी ग्रंथालयात ‘बाहेर नेऊ नये’ असा शिक्का मिरवत बसली. त्यावरचा इंग्रजी लेख एका परदेशी नियतकालिकात आला, तो वाचायचा तर डॉलर मोजा. मग एके दिवशी शिरोळकडच्या एका ग्रामसेवकांचा फोन आला. गावचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायचा होता. "मॅडम, आमच्याच दारात बसून लिहून नेलंयसा, ते आम्हाला कुठं वाचायला मिळंल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारनं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात येतात. चांगलंच आहे. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. ग्रामपंचायत त्या यादीत नाही.

पीएच.डी.चा प्रबंध असता तर प्रश्नच नव्हता. युजीसीच्या नियमानुसार त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावीच लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते. छोट्या प्रकल्पांच्या अहवालांना असा ठरलेला रस्ता नाही, ते कपाटातच म्हातारे होतात. मी ‘झेनोडो’ हे संशोधनाचं ऑनलाइन भांडार निवडलं. २०१३ पासून चालू आहे, जिनीव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर चालतं, पैसे घेत नाही आणि प्रत्येक नोंदीला डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक देतं. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी आयडी आधी काढून ठेवा, त्यानं लॉगिन करता येतं.

घोडं पेंड खाल्लं ते कॉलेजच्या ना-हरकत दाखल्यापाशी.

विचारायचंच कशाला, असं नवरा म्हणाला. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ मी वाचलं होतं म्हणून. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा, अशा अर्थाचं त्यात आहे. माझ्या नेमणूक आदेशात संशोधनाच्या हक्कांबद्दल चकार शब्द नाही, अनुदानाच्या पत्रातही नाही. कॉलेजच्या शिक्षकाचं संशोधन त्या कलमात बसतं की नाही, यावर दोन वकील दोन मतं देतील. त्यापेक्षा एक ओळ लेखी घेतलेली बरी, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

‘ना-हरकत दाखला मिळणेबाबत’ असा अर्ज घेऊन ऑफिसात गेले. हेडक्लार्कनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागेही काही आहे का ते पाहिलं.

"मॅडम, पासपोर्टच्या एनओसीचा फॉरमॅट हाय. दुसरीकडं अर्ज करायचा हाय. परदेश दौऱ्याचा बी हाय. ह्येचा न्हाई."

"कशाचा?"

"ह्ये, फुकट द्यायचा."

आवक क्रमांक पडला. अर्ज प्राचार्यांकडे गेला आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी संस्थेकडे’ असा शेरा घेऊन बाहेर पडला. संस्थेच्या ऑफिसातून तो परत आला, कारण प्राचार्यांची स्पष्ट शिफारस जोडलेली नव्हती. शिफारस करायला प्राचार्यांची ना नव्हती, पण संस्थेचं धोरण काय ते कळल्याशिवाय शिफारस तरी कशाची करायची, असा त्यांचा सवाल. धोरण नव्हतंच. म्हणजे संस्था शिफारशीची वाट पाहतेय, शिफारस धोरणाची, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून दोघांची. दोन्ही ऑफिसं शहराच्या दोन टोकांना, मधे दसरा चौकातला सिग्नल. एकदाही कोणी ‘नाही’ म्हणालं नाही, हे मुद्दाम सांगते. ‘नाही’ म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

मग कोणीतरी सुचवलं की विषय कॉलेज विकास समितीपुढे ठेवू. पहिल्या बैठकीत प्रवेशांचा गोंधळ होता, आमचा विषय ‘वेळेअभावी पुढील सभेत’ गेला. पुढच्या सभेत मला आत बोलावलं. उद्या हे कोणी वापरलं तर? वापरावं म्हणूनच ठेवतेय. कोणी त्यावर पैसे कमावले तर? कमावू देत, नाव आपलंच द्यावं लागेल. कॉलेजला काय मिळणार? मुखपृष्ठावर नाव. मग जरा शांतता झाली आणि एक सदस्य हळूच म्हणाले, "त्यात सरकारच्या विरोधात काही नाही ना?"

खरी गोम इथे होती. अहवालात एक परिच्छेद आहे: जनावरांसाठी म्हणून दाखवलेल्या एका जागी वैरणच वेळेवर पोचली नाही, म्हणून माणसं रात्रीची पाण्यातून गोठ्याकडे परत गेली. तो ‘जरा सौम्य’ करा, अशी सूचना आली. कपाटात होता तोवर तोच परिच्छेद कोणालाही टोचला नव्हता. मी सौम्य केला नाही. उलट माहिती कशी गोळा केली, किती घरांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं, हे खाली टीपेत जोडलं. खुलं करायचं तर वाक्य गुळगुळीत करू नका, त्याला आधार जोडा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच होतं, आणि नेमकं ते कुठल्याही फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं.

विषय ‘अभ्यासार्थ’ राखून ठेवला गेला. तेवढ्यात जुलै आला. चार दिवस नुसती झड. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मेसेज, मग बंधाऱ्याची पातळी तासातासाला सगळ्यांच्या मोबाइलवर. पाणी इशारा पातळीला टेकलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये बसून होते आणि अहवाल पन्नास पावलांवर कपाटात. ग्रामसेवकांना मी तोवर मोबाइलवर पानांचे फोटो काढून पाठवले होते, वाकडेतिकडे, अंगठ्यासकट. पाणी त्या वेळी उतरलं. माझा राग उतरला नाही.

सुटका केली ती हेडक्लार्कनीच. दिवाळीनंतर चहा पिताना म्हणाले, "मॅडम, तुमचं चुकतंय कुठं सांगू? तुम्ही प्रश्न विचारतायसा. हापिसात प्रश्नाला उत्तर नसतंय. मसुद्याला सही असतीय." त्यांच्याच टेबलावर बसून कॉलेजच्या लेटरहेडवर लिहिलं: ‘सदर अहवालाचे लेखनहक्क लेखिकेकडे असून, तो क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली सार्वजनिक भांडारात प्रसिद्ध करण्यास महाविद्यालयाची हरकत नाही.’ खाली तारीख, जावक क्रमांकाला जागा, सहीला जागा. प्राचार्यांनी वाचलं, पेन उघडलं, सही केली. "एवढंच होय?" म्हणाले. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं जे होतं ते स्टाफरूममध्ये बोलले.

‘लेखनहक्क लेखिकेकडे असून’ हे शब्द सोडू नका. त्यांच्याशिवाय दाखला म्हणजे नुसती सदिच्छा. आणि शक्य असेल तर हा कागद अनुदानाचा अर्ज करतानाच जोडून द्या, तेव्हा सगळे उदार मनःस्थितीत असतात.

पुढचं भरभर झालं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे वापराच्या अटी आधीच सांगणारे तयार परवाने. त्यांतला एक निवडताना मात्र थांबा. ‘बदल नको’ची अट घातलीत तर तुमच्या इंग्रजी अहवालाचा मराठी अनुवाद कोणी न विचारता छापू शकत नाही. ‘व्यापारी वापर नको’ म्हटलंत तर विकलं जाणारं स्थानिक दैनिक त्यातला तक्ता घ्यायला कचरतं, आणि विकिपीडियावरही तो मजकूर चालत नाही. म्हणून मी फक्त श्रेय मागितलं.

मुलाखती मात्र खुल्या केल्या नाहीत, आणि इथे माझं मत पक्कं आहे. लोक माझ्याशी बोलले होते, जगाशी नव्हे. नावं काढून भागत नाही: ‘नदीकडची गल्ली, पाच म्हशी, विधवा’ एवढ्यावरून गावात कोणीही बोट ठेवेल. त्यातून पंचनाम्याबद्दल, सानुग्रह अनुदानाबद्दल ती काही बोलली असेल तर त्रास तिला, मला नाही. प्रश्नावली, पद्धत आणि एकत्रित तक्ते ठेवले. फोटोंमध्ये मोबाइल जागेची माहिती भरून ठेवतो, ती काढून टाका.

हे आधी सांगायला हवं होतं: मराठी फाइल युनिकोडमध्येच हवी. माझा मराठी सारांश डीटीपीवाल्यानं श्री-लिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केला होता. कागदावर देखणा, पण पीडीएफमध्ये ‘पूर’ शोधला तर काहीच सापडेना, कॉपी केलं तर भलतीच अक्षरं. पुन्हा सगळं टाइप करून घ्यावं लागलं.

झेनोडोवर प्रसिद्ध करण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो, म्हणजे तो मुखपृष्ठावर छापता येतो. एकदा प्रसिद्ध केलं की फाइल हवी तशी बदलता येत नाही, नवी आवृत्ती टाकायची. सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक डीओआयही असतो, पत्रव्यवहारात तोच द्या.

परदेशी नियतकालिकातल्या लेखाचं काय, असं विचाराल. हक्क त्यांना लिहून दिलेले होते. आपल्या कायद्यात हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, पण असल्या फॉर्मवर मुदत लिहिलेलीच असते. तरी बरेच प्रकाशक स्वीकारलेलं हस्तलिखित, म्हणजे त्यांची मांडणी होण्याआधीची आपली वर्ड फाइल, ठरावीक काळानंतर खुली ठेवू देतात. कोण किती महिन्यांनी, ते ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ (आधीचं ‘शेर्पा रोमिओ’) या साइटवर नियतकालिकाच्या नावानं शोधलं की मिळतं. त्यासाठी प्रकाशकाला एक पैसा द्यावा लागत नाही. ‘खुलं म्हणजे पैसे भरून’ हा गैरसमज आपल्याकडे फार आहे, आणि व्हॉट्सअॅपवर ‘आयएसएसएनसह आठ दिवसांत पेपर छापून मिळेल’ म्हणणाऱ्यांचं त्यावर बरं चाललंय. युजीसीनं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखायचं काम तसंही आपल्याच गळ्यात आलंय.

नेटवर टाकलं म्हणजे गावात पोचलं असं समजू नका. चार पानी मराठी सारांश काढला, मागे क्यूआर कोड छापला, ज्या ज्या गावांत गेले होते तिथल्या ग्रामपंचायतींत आणि दूध संस्थांत प्रती नेऊन दिल्या. दूध संस्थेत जास्त वाचला गेला. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणूस तिथे येतोच. ग्रामसेवकांच्या आराखड्यात आता जनावरांच्या जागेचं आणि वैरणीचं वेगळं पान आहे. ते माझ्यामुळे आलं असं म्हणणार नाही, पण तक्ता माझा आहे आणि खाली नावही दिलंय.

आमच्या ऑफिसात माझा तो मसुदा आता ‘फॉरमॅट’ झालाय. जो मागेल त्याला हेडक्लार्क त्याची झेरॉक्स देतात. परवा मराठी विभागातल्या एका सरांना ओव्यांवरच्या अभ्यासासाठी दाखला मिळाला, एका दिवसात, सहीशिक्क्यासह. त्यात ‘सदर पूरविषयक अहवालाचे लेखनहक्क लेखिकेकडे’ असंच राहिलं होतं. सर मिशीवाले आहेत. तेव्हा मसुदा खुशाल घ्या, फक्त सहीला पाठवण्याआधी एकदा वाचा.