भोगीच्या आदल्या दिवशीची मंडई

भोगीच्या आदल्या दिवशी मी सकाळी सातच्या आत सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पोहोचते. उशीर झाला की कोवळा हरभरा आणि पावटा दुसऱ्यांच्या पिशवीत गेलेला असतो. माझी नेहमीची मावशी गोणपाटावर वाटे लावून बसते. शेजारणीशी कानडीत, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलते. मला हे फार आवडतं.

वांगी मात्र मी एकेक करून निवडते. देठ हिरवागार, काटेरी हवा आणि वांगं हाताला हलकं लागायला हवं. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. आईने शिकवलेलं. "ताई, बोरं राहिली की ओ, भाजीत काय घालणार?" म्हणत मावशी मूठभर बोरं पिशवीत टाकते, पैसे घेत नाही.

डाळिंबं सांगोल्याकडची. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बाग जगवणारा माझा मामा. म्हणून डाळिंबाचा भाव मी कधीच पाडून मागत नाही.

शेवटी तीळ लावलेल्या भाकरीसाठी बाजरीचं पीठ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुणे आलेत, यंदा वीस तरी भाकऱ्या लागतील.