फळी, निलंबन आणि सात खुर्च्या

शिकागोच्या साउथ साइडमधली शाळा, सातवीचा वर्ग. एका मुलाने दुसऱ्याचा जिन्यावरून घसरून पडतानाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर फिरवला. दुसऱ्याने त्याला लॉकरवर आपटलं. रक्त नाही, हाडं शाबूत. तरी फॉर्मवर तीन दिवसांचं निलंबन लिहून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशीची दोघांच्या समेटाची बैठक माझ्याकडे होती.

दिवसाला सात तास धरले तर तीन दिवसांत २१ तास बुडतात. इलिनॉयमध्ये सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे इतकं छोटं निलंबनही मुलामुळे शाळेला धोका असेल किंवा इतरांचं शिकणं अडत असेल तरच देता येतं, आणि बुडलेला अभ्यास तेवढ्याच गुणांसाठी भरून काढायची संधी द्यावी लागते. त्याआधी ‘झीरो टॉलरन्स’चा, म्हणजे चूक लहान असो की मोठी, थेट कडक शिक्षेचा जमाना होता. १९९४च्या केंद्रीय कायद्याचा रोख शाळेत बंदूक आणणाऱ्यांवर होता, पण तो खाक्या पुढे टोपी, फोन आणि उलट उत्तरापर्यंत पोचला. झळ कोणाला लागली? २०११-१२च्या सरकारी आकड्यांत बालवाडीत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, पण एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत ४८ टक्के. बालवाडीत!

लॉकरवर ढकलणाऱ्या मुलाची आजी वेळेआधी आली. मुलगा मला नुसतं “येह” म्हणाला, तर तिने तिथेच थांबवलं, “येस मॅम.” आपल्याकडच्या अहो-जाहोसारखं हे वाटतं, पण याला वेगळी धार आहे. तिच्या लहानपणीच्या मिसिसिपीत गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला ‘मिसेस’ लावत नसत. घरात आणि चर्चमध्ये म्हणूनच तो मान काटेकोर पाळला जाई.

“तीन दिवस घरी बसवून काय शिकवणार, मॅडम? टीव्ही?” तिने विचारलं. ती वेगळ्या ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकली. तिथे लाकडी फळीचे फटके होते, पण मारणाऱ्या बाई रविवारी त्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत आणि कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे त्यांना ठाऊक असे. १९७०च्या सुमारास शाळा एकत्र झाल्या तेव्हा कृष्णवर्णीयांच्या कितीतरी शाळा बंद झाल्या, मुख्याध्यापक खालच्या जागेवर गेले. फळी राहिली, ती धरणारा हात परका झाला. मिसिसिपीत ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. इलिनॉयच्या शाळांत मात्र बंद आहे.

मग तिने थेट विचारलं, “घरी दोन दिले तर तुम्ही डीसीएफएसला फोन लावणार?” डीसीएफएस म्हणजे राज्याचं बालसंरक्षण खातं. हा प्रश्न टाळला की पालक पुन्हा येत नाहीत. मी सांगितलं, घरातली साधी चापट इथे गुन्हा नाही. पण वळ दिसले, इजा दिसली, तर फोन करावाच लागतो. तिथे माझी मर्जी चालत नाही. ती म्हणाली, “बरं केलंत सांगितलंत,” आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

सात खुर्च्या, मध्ये टेबल नाही. हातात लाकडी ठोकळा असेल त्यानेच बोलायचं. प्रश्न ठरलेले : काय झालं, तेव्हा मनात काय होतं, कोणाला लागलं, आता काय केलं तर भरून निघेल. आधी प्रत्येकाशी वेगळं बोलणं हा कामाचा गाभा, आणि चूक माझी तिथेच झाली. ढकलणाऱ्याला मी २० मिनिटं दिली होती. व्हिडिओवाल्याला बस सुटायच्या घाईत कॉरिडॉरमध्ये जेमतेम ५. ठोकळा हातात येताच तो हसत “सॉरी” म्हणाला. समोरचा उभाच राहिला. आजीने नातवाच्या बाहीला धरलं, मी बैठक थांबवली.

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवाल्याशी नीट बोलले. तो हसत होता कारण त्याला वाटलं होतं, खरी शिक्षा आधीच ठरली आहे आणि हे नुसतं नाटक. निलंबनाचा फॉर्म मी त्याला दाखवला : सहीची जागा कोरी होती.

दुपारी अर्ध्या तासात समेटाचा कागद झाला. व्हिडिओ सर्वांसमोर पुसायचा, ग्रुपवर तसं लिहायचं; ढकलणाऱ्याने आठवडाभर तास सुटल्यावर दोन मिनिटं थांबून निघायचं. तपासणी पाचव्या आणि दहाव्या शाळेच्या दिवशी. आजीने एक ओळ वाढवायला लावली : गृहपाठाची वही रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सही करताना म्हणाली, फळी वाईट होती असं मी अजून म्हटलेलं नाही हं.

पाचव्या दिवशी वही आली. दोन पानांवर तेलाचे डाग होते, गणितं पूर्ण होती.