ताजमधला अधांतरी जिना

लेकीने आम्हाला न विचारता ताजचा स्वीट बुक केला. एका रात्रीसाठी, तोही जुन्या इमारतीतला, समुद्राच्या बाजूचा. भाडं किती ते सांगितलं नाही. मी शोधून काढलंच आणि मग यांना मीही सांगितलं नाही.

बांधकाम खात्यात आरेखक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरले की नजर आधी छताकडे जाते. इथलं छत बघायला मान मागे टाकावी लागली. बाहेर बसायची खोली, आत झोपायची. हे बाहेर पेपर वाचत आणि मी आतून हाका मारतेय, असा संसार. खिडकीखाली गेटवे, लाँची, फोटोवाले. ताज गेटवेसमोर बांधलं असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडलं आणि गेटवे पुरा झाला १९२४ साली.

स्वीटला बटलर असतो. आमचा बटलर चिपळूणकडचा मुलगा निघाला. संध्याकाळी अदबीने म्हणाला, "काकू, आंघोळीचं पाणी काढू का?" हा प्रश्न मला शेवटचा आईने विचारला होता. नको म्हटलं. नंतर वाटलं, हो म्हणायला काय झालं होतं! पण आयुष्यभर स्वतःचं स्वतः केलेल्या माणसाला तिथे हातांचं काय करावं तेच कळत नाही. बॅग उघडायची नाही, चहा करायचा नाही. मग मी खोलीतून बाहेर पडले ती जिन्यापाशी जाऊन थांबले.

जिना बघायलाच हवा. खाली खांब नाही, तुळई दिसत नाही. पायऱ्या भिंतीतून निघून अधांतरी वर चढत जातात आणि डोक्यावर तो मोठा घुमट. मी वाकून जिन्याची खालची बाजू बघत होते तेव्हा एका परदेशी बाईंना वाटलं माझं काही पडलंय. त्याही शोधायला लागल्या.

इमारत उलटी बांधली गेली म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट आमच्या ऑफिसातही मोठ्या चवीने सांगितली जायची. थाप आहे. दार मुळातच शहराच्या बाजूला होतं, आता पोहण्याचा तलाव आहे तिकडे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा. वैद्यांच्या हाताखाली या जिन्याचं शीट कुणी काढलं असेल? आमच्याकडे नकाशाच्या कोपऱ्यात आरेखकाची आद्याक्षरं तरी असायची.

२६/११ ला याच इमारतीला आग लागली होती. त्या वेळी गेलेल्यांची नावं खाली कोरलेली आहेत. ती मी सगळी वाचली. हे पुढे गेले. त्यांना असं वाचवत नाही.

सकाळी निघण्याआधी सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून कॉफी घेतली. हिचे पैसे लेकीने भरलेले नव्हते. यांनी बिल न बघता कार्ड दिलं. मी बघितलं.