टोमॅटोची टकटक
सुट्टीचा अख्खा दिवस शोधनिबंध वाचण्यात घालवला. (हो, असतात अशी माणसं.) २०२३ मध्ये ब्रिटनने मंजूर केलेला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा क्रिस्पर (म्हणजे जनुकं कापून बदलण्याचं तंत्र) उपचार बिघडलेलं जनुक दुरुस्त करतच नाही, जन्मानंतर मागे पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. भारीच! मग शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या (ठरल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या) किमती: माँटे कार्लो पद्धतीत, म्हणजे भरपूर यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढण्यात, दहापट अचूकता हवी तर शंभरपट नमुने लागतात. क्वांटम संगणक म्हणे दहापटीत भागवेल. बघू.

डोक्यात अडकलं ते मात्र टोमॅटोचं रोप. तेल अवीव विद्यापीठाच्या प्रयोगात तहानलेली रोपं तासाला ३० ते ५० वेळा टकटक करताना सापडली, ४० ते ८० किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे आपल्या कानांपलीकडे. बहुधा खोडातल्या पाणनळ्यांत बुडबुडे फुटतात म्हणून; हाक वगैरे नव्हे. तरी संध्याकाळी कुंडीला जरा घाईनेच पाणी घातलं.