ओंडका आणि मस्टर

तळोज्याच्या एका गोदामातून फोन आला : ‘मॅडम, तुमच्या अ‍ॅपने आमच्या अकरा माणसांचा अर्धा दिवस खाल्ला!’

अ‍ॅप हजेरीचं, त्यातलं मराठी माझं. महाप्याच्या ऑफिसात एसीत बसून मी लॉगिनचं ‘प्रवेश करा’ आणि लॉगआउटचं ‘बाहेर पडा’ केलं होतं. सगळेच करतात. हमालांनी मात्र ते जसंच्या तसं घेतलं. दहाच्या चहाला गेटबाहेर निघताना इमानदारीत ‘बाहेर पडा’ दाबलं, आणि अ‍ॅपच्या लेखी पाळी तिथेच संपली.

मी तशीच तळोज्याला गेले. तिथले सुपरवायझर काका पूर्वी मालवाहू जहाजावर होते. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, ‘अहो, लॉग म्हणजे ओंडका. त्यात आत-बाहेर कुठून आणलंत?’

चलनाच्या पाठीवर त्यांनी चित्रच काढलं. शिडाच्या जहाजांवर वेग मोजायला पाव वर्तुळाच्या आकाराची एक लाकडी फळी दोरीला बांधून मागे पाण्यात सोडत; हाच तो ओंडका, म्हणजे ‘लॉग’. तिच्या गोल कडेला शिसं, म्हणजे ती पाण्यात उभी राहते आणि जहाजामागे ओढली जात नाही. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. २८ सेकंदांची वाळू गळेपर्यंत हातातून जितक्या गाठी सुटतील, तितके नॉट वेग. हा आकडा ज्या वहीत चढायचा ती लॉगबुक. पुढे ओंडका गेला, वहीला नाव राहिलं. (काकांनी स्वतः ओंडका कधी टाकला नव्हता. पण सांगत होते असे, की जणू कालच टाकलाय.)

संगणकातलं लॉगिन मी रात्री शोधलं. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा दाखवली गेली. संगणक एक, वापरणारे अनेक. कोणी किती वेळ घेतला, याचा हिशोब ठेवावा लागे. कामाला बसताना द्यायची आज्ञा होती ‘लॉगिन’. म्हणजे दार उघडणं नव्हेच, वहीत नाव चढवणं. आपल्याकडे त्याला मस्टर म्हणतात, आणि तो शब्द त्या अकराही जणांना पाठ होता!

बटणं बदलली : ‘हजेरी लावा’ आणि ‘सुट्टी झाली’. ऑफिसात कुरकुर झाली, शब्दावलीत बसत नाही म्हणे. अर्ध्या दिवसांचे पैसे हाताने दुरुस्त करताना एक अख्खी संध्याकाळ गेली, ते कुठल्या शब्दावलीत बसतं?

नवं अ‍ॅप दाखवायला पुन्हा गेले, तेव्हा एकाने विचारलं, ‘मग चहाला जाताना काय दाबायचं?’

‘काही नाही. चहा प्या.’