हेल्गोलांड : पक्ष्यांसाठी जायचं तर मुक्कामच करा

जर्मनीतल्या कुक्सहाफेनहून बोटीने दोन-अडीच तासांत उत्तर समुद्रातला हा तांबडा खडक येतो, जेमतेम एक चौरस किलोमीटरचा. बहुतेक प्रवासी दुपारी उतरून संध्याकाळच्या आत परततात. पक्षी बघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. रात्रभर उडून दमलेले पक्षी उजाडताना झुडपांत टेकतात. दुपारपर्यंत निम्मी मजा संपलेली असते. किमान दोन रात्री ठेवा आणि परतीला एक दिवस हातचा राखा, कारण वारा चढला की बोट रद्द होते.

हाइन्रिश गेट्के १८३७ मध्ये इथे चित्रं काढायला आला आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत इथलाच झाला. बेट १८९० पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, हा त्यांचा सरकारी सचिव. त्याने पक्ष्यांच्या जवळपास चारशे जाती नोंदवल्या. सायबेरियातली सहा ग्रॅमची यलो-ब्राउड वॉर्बलर इथे चुकूनमाकून येत नाही, शरद ऋतूत वरचेवर येते, हे त्याच्याच नोंदींतून दिसलं. पक्ष्यांच्या उडण्याच्या वेगाचे त्याचे आकडे मात्र सोडून द्या. मधल्या देशांत ब्लूथ्रोट कुणाला दिसत नाही, म्हणून तो आफ्रिकेतून एका रात्रीत येतो, असं त्याने मांडलं. मध्ये पक्षी होतेच, बघणारे नव्हते.

वरच्या पठारावर जायला लिफ्ट आहे, नाहीतर पायऱ्या. मोटारी आणि सायकली दोन्हींना बंदी, तेव्हा सामान हलकं ठेवा. पठारावर पक्षिकेंद्राची १९१० पासूनची परंपरा आहे. केंद्राची पक्षी पकडायची बाग बघायची तर केंद्राच्या फेरीबरोबरच. आधी चौकशी करा. झुडपांवर जाळीचं मोठं नरसाळं उभं असतं. रुंद तोंडातून हाकललेला पक्षी पुढे निमुळत्या टोकाशी उजेडाकडे झेपावतो आणि पेटीत अडकतो. मग पायात ओळखीची कडी चढवून, वजन करून त्याला सोडतात. 'हेल्गोलांड सापळा' म्हणून जगभर वापरतात तो हाच.

ऑक्टोबरात आग्नेयेचा वारा आणि वर झिमझिम, असा दिवस मिळाला तर न्याहारी सोडा. पश्चिमेचा वारा असेल तर झुडपं ओस. तेव्हा सरळ कड्याकडे वळा. तिथे गॅनेट हे मोठे समुद्रपक्षी वाटेपासून काही पावलांवर असतात, दुर्बिणही लागत नाही. घरट्यांत विणलेले मासेमारीच्या जाळ्यांचे नारिंगी-निळे धागे नीट बघा. त्यांत पाय गुंतून पिल्लं लटकतात. गिलेमॉट या दुसऱ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं कड्यावरून उड्या घेतात ती जूनच्या संध्याकाळी. त्यासाठी वेगळी खेप करावी लागते.